पेटी उघडायचा हक्क

पनवेल, २ नोव्हेंबर २०२५

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसलीस, "बाबा, तुमचं कस्टम आता हवेवरही ड्यूटी लावणार का?" तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली आणि उत्तर राहिलं.

मी न्हावाशेवा बंदरात कस्टमला असताना सॉफ्टवेअर खोक्यातून यायचं. थर्माकोल बाजूला करायचा, सीडी मोजायच्या, इनव्हॉइसशी ताडायच्या, मग शेरा. आता तोच माल तारेतून, म्हणजे इंटरनेटवरून येतो, आमच्या गेटकडे फिरकतही नाही. १९९८ साली जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेच्या देशांनी ठरवलं, अशा मालावर तूर्त ड्यूटी नको. ते 'तूर्त' सत्तावीस वर्षं चाललंय! गेल्या वर्षी अबुधाबीत पुन्हा मुदत वाढली, फार तर ३१ मार्च २०२६ पर्यंत. भारत आणि दक्षिण आफ्रिका तक्रार करत आलेत, की सिनेमे, पुस्तकं, गेम सगळंच तारेतून आलं तर महसुलाचं काय? मला ते पटतं. पण पुण्याहून परदेशी जाणारं सॉफ्टवेअरही तारेतूनच जातं, उद्या समोरच्याने ड्यूटी लावली तर? इथे तुझंच खरं.

माझा जीव मात्र दुसऱ्याच कलमात अडकलाय. तुमच्या सिंगापूरने २०२० मध्ये न्यूझीलंड आणि चिलीबरोबर नुसता डिजिटल व्यवहारांचा करार केला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जुलैत आपण ब्रिटनशी व्यापार करारावर सही केली, त्यात सोर्स कोडचं, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या मूळ ओळींनी लिहितात त्यांचं कलम आहे. तिकडच्या कंपनीला इथे माल विकू देण्यासाठी तिचा कोड मागायचा नाही. तपासापुरता कोड मागायची पळवाट ठेवलीय म्हणा.

अगं, आम्हीही बरीचशी खोकी न उघडताच सोडायचो. एकदा कागदावर प्रिंटरच्या रिबिनी होत्या, पण खोकं उचलताना हमालाची कंबर वाकली. उघडलं, तर तळाला परफ्यूमच्या बाटल्या, वर रिबिनींचा एक थर. उघडण्याआधी माझ्याकडे पुरावा कुठला होता? हमालाचा चेहरा, बस्स. कोडला तर वजनही नसतं, मग तपासाला कारण कुठून आणायचं?

तुम्ही पोरं कोड लिहिता, तूच सांग.

डिसेंबरात येशील तेव्हा ते कलम कागदावर छापून आण. मोबाइलवर वाचून डोळे चुरचुरतात. आई म्हणते, मिठाया नकोत, एक हलकी छत्री आण.

तुझा,
बाबा