आधी घरं, मग चर्च

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, हवाईतल्या लाहायना गावच्या लोकांनी जळालेलं चर्च अजून का उभारलं नाही? आपल्या गावात एव्हाना कळस चढला असता, हे खरंच. पण फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

त्या वाइओला चर्चची मंडळी १८२३ पासूनची. ८ ऑगस्ट २०२३ला वणव्यात सगळं जळालं ते नेमकं द्विशताब्दीच्या वर्षात. बांधायची त्यांना सवय आहे. १८५८मध्ये वाऱ्याने छप्पर नेलं, १८९४ आणि १९४७मध्ये आग लागली, १९५१मध्ये पुन्हा वारा. १९५३मध्ये परत नवी इमारत उभी केली. या वेळी मात्र बांधणाऱ्यांचीच घरं गेली. गावात १०२ माणसं दगावली, २२०० हून जास्त इमारती गेल्या. माणसं भाड्याच्या खोल्यांत पांगली, काहींनी तर माऊई बेटच सोडलं. बाकं मांडली तरी बसायला कोण येणार? जमेल तिथे प्रार्थना करतात. पूर्वज मात्र तिथल्याच दफनभूमीत आहेत, त्यामुळे जागा सोडायचा प्रश्नच नाही.

तुम्ही उसातले, म्हणून एक सांगते. उसाच्या मळ्यांवर राबायला जपानी मजूर आले, त्याला शंभर वर्षं झाली म्हणून १९६८मध्ये इथल्या जोदो मिशन या जपानी बौद्ध मंदिरात ब्राँझचा मोठा बुद्ध बसवला. आगीत मंदिर गेलं, बुद्ध राहिला. पुढे १९९९मध्ये इथला साखर कारखाना बंद पडला, शेतं पडीक झाली आणि त्यांत गिनी गवत माजलं. आपण म्हशींना घालतो तेच! विजेच्या तुटलेल्या तारांनी ठिणगी दिली, वारा होताच. वाळल्या गवताला आणखी काय हवं?

आई, लाहायनातला तुझा वड जगलाय. आपल्याच देशातून आलेलं ते रोप १८७३मध्ये इथल्या ख्रिस्ती मिशनच्या पन्नाशीला लावलं होतं. होरपळल्यावर त्याला टँकरने पाणी घातलं, काही आठवड्यांत पालवी फुटली. पेपरवाले त्या पालवीचेच फोटो छापत राहिले आणि बाहेरच्यांना वाटलं, झालं सगळं ठीक. परवाने, विमा, भाडं यांचे फोटो कोण काढणार?

बाबा, तुम्ही चर्चसाठी पाठवायची म्हणत होतात ती वर्गणी पाठवा. पण चालत असेल तर मी ती तिथल्या एका घर बांधणाऱ्या कुटुंबाला देईन. समितीत विचारून कळवा.

तुमची,
सुमी