एडिसनच्या (न्यू जर्सी, अमेरिका) काकूंना

प्रिय काकू,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे लिहूनच, आणि चारचौघांसमोर.

२०१३च्या गणपतीत आरतीनंतर मी तुमच्या स्वयंपाकघरात ताटं पुसत होते. तुम्ही सहज विचारलंत, "तुझी स्वतःची ग्रीन कार्डाची फाइल सुरू झाली का?" मी म्हटलं, ह्यांची मार्चमध्ये ईबी-२मधून, म्हणजे उच्चशिक्षितांच्या रांगेतून, लागली आहे, त्यातच माझंही होईल. आमच्या एचआरनंही मला तेच ऐकवलं होतं. तुम्ही गॅस बंद केलात आणि मला खुर्चीवर बसवलंत.

त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की २००९ मध्ये काकांची नोकरी गेली, तेव्हा त्यांचं आय-१४०, म्हणजे कंपनीनं त्यांच्यासाठी केलेला अर्ज, अजून मंजूर व्हायचं होतं. त्यामुळे नोकरीबरोबर रांगेतली जागाही गेली. तुम्ही एम.एस्सी. झालेल्या, पण एच-४वर, म्हणजे नवऱ्यामुळे मिळालेल्या व्हिसावर. तेव्हा एच-४वाल्यांना कामाची परवानगीच नव्हती. तुम्ही म्हणालात, "नवरा तुझाच गं, पण नोकरी कंपनीची. एका घरात दोन फायली असू देत."

मी ऑफिसात तीनदा मागे लागले. ऑगस्ट २०१४ला माझं पर्म, म्हणजे कंपनीचा कामगार खात्याकडचा पहिला अर्ज, दाखल झालं, तेही ईबी-३मध्ये, म्हणजे पदवीधर-कुशल कामगारांच्या रांगेत. ह्यांच्यापेक्षा जवळजवळ दीड वर्षानं उशिराची तारीख! उगाच खटाटोप केला असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. त्यात दोन कंपन्या आणि दोन वकील. ह्यांचा वकील माझ्या फायलीचं नाव काढत नसे, माझा ह्यांच्या. दोन्ही फायली शेजारी ठेवून वाचणाऱ्या फक्त तुम्ही. तुम्ही दिलेल्या वहीत मधोमध रेघ मारलेली आहे, डावीकडे मी, उजवीकडे हे. प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख), पावती क्रमांक, पासपोर्टची मुदत, सगळं तुमच्या अक्षरात.

मग ऑक्टोबर २०२०चं व्हिसा बुलेटिन आलं, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्यांची पाळी आली हे सांगणारं दर महिन्याचं सरकारी पत्रक. भारतीयांसाठी ईबी-३ची अर्ज भरायची तारीख थेट १ जानेवारी २०१५वर आली आणि ईबी-२ मे २०११वरच अडकलेली. ह्यांची जुनी तारीख बंद, माझी नवी उघडी! रात्री अकराला तुमचा फोन आला, "मुख्य अर्जदार तू. तो तुझ्या अर्जावर."

त्या महिन्यात तुम्ही झोपलात कधी, देव जाणे. माझ्या कराडच्या जन्मदाखल्यावर नावच नव्हतं, नुसतं "मुलगी". आत्या आणि मामांची प्रतिज्ञापत्रं हवी होती, तीही करोनाच्या दिवसांत. त्यांत काय काय यायला हवं हे तुम्ही आत्याला फोनवर शांतपणे समजावलंत: पूर्ण नाव, तारीख, ठिकाण, आईवडील, आणि हे आपल्याला कसं माहीत. आत्या अजून विचारते, "त्या बाई बऱ्या आहेत ना?"

२०२२ मध्ये पारडं फिरलं. ईबी-३ थांबलेली आणि ईबी-२ पुढे सरकत २०१४मध्ये पोचली. दोघांचे आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचे शेवटचे अर्ज, माझ्या फायलीवर पडून होते. वकील म्हणत होता, वाट पाहा. तुम्ही कधीच "हे करा" म्हणाला नाहीत. "मी वकील नाही, पण त्याला हे लेखी विचार," म्हणालात आणि प्रश्न वहीत लिहून दिलात: दोन्ही अर्ज ह्यांच्या ईबी-२वर हलवता येतील का, आणि त्यासाठी ह्यांच्या कंपनीकडून सप्लिमेंट जे (नोकरी कायम असल्याचा फॉर्म) लागेल का? मी तो जसाच्या तसा पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, हो.

सप्टेंबरात दोघांची कार्डं आली. ऑक्टोबरात ईबी-२ पुन्हा एप्रिल २०१२वर गेली. त्या एका महिन्याचा विचार आला की आजही पोटात गोळा येतो.

काकू, ज्या परवानगीवाचून तुमची एवढी वर्षं गेली, ती मला मिळावी म्हणून तुम्ही नऊ वर्षं जागलात. हे मी विसरणार नाही.

वही माझ्याकडेच आहे. मागची पानं कोरी आहेत. आमच्या ऑफिसात नागपूरची एक मुलगी आहे, नुकतंच लग्न झालंय, आणि परवा म्हणाली, "ह्यांची फाइल लागलीच आहे." आमची पानं काढून ठेवून वही तिला देऊ का? तुम्ही हो म्हणालात तर शनिवारी तिला तुमच्याकडे घेऊन येते.

तुमची,
कराडची मुलगी