मोडीचे तक्ते पुरे, ओळी गिरवा

संपादक महाशय,

सुलेखनाच्या बैठकांत हल्ली जुन्या मराठी कागदांच्या मोडी लिपीचाही एक तास ठेवतात, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या तासाला होते काय? संगणकावर छापलेला बाराखडीचा तक्ता हाती पडतो, जो तो आपले नाव मोडीत लिहून त्याला वेलबुट्टी काढतो आणि मंडळी चहाला उठतात. पुढे तोच माणूस घरातला पणजोबांचा कागद उघडतो, तेव्हा त्याला एक अक्षर लागत नाही. दोष तक्त्याचा आहे.

तक्त्यात अक्षरे सुटी असतात, कागदावर ती तशी कधीच नसतात. मोडी लिहिणारा आधी या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढून घेई आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरे तिला लटकवत जाई. त्यामुळे मागून काय आले नि पुढे कुठे जायचे आहे यावर अक्षराचे रूप बदलते. ही वळणे नुसती पाहून लक्षात राहत नाहीत, हाताखालून जावी लागतात. म्हणून मोडी वाचायची असेल तरी ती लिहूनच शिकावी.

काय लिहावे? आपले नाव तर मुळीच नको. जुन्या पत्रांत ठरलेली वाक्ये पुन्हापुन्हा येतात: ‘राजश्री’, ‘विनंती विशेष’, ‘बहुत काय लिहिणे’, ‘जाणिजे’, ‘मोर्तब सूद’. खऱ्या कागदाच्या छायाप्रतीवरून यातले एकेक रोज दहा ओळी गिरवावे. ओळींत अडीच सेंटिमीटर अंतर, अक्षराची उंची सुमारे एक सेंटिमीटर, बोरूचे टोक दीड ते दोन मिलिमीटर. अनोळखी पत्रात मग निदान सुरुवात आणि शेवट ओळखीचे निघतात, आणि त्या लेखकाचा ‘र’ कसा, ‘ज’ कसा हे कळले की मधल्या ओळी सुटू लागतात.

बोरूसाठी ओहोळाकाठचा देवनळ चालतो, मात्र सावलीत पूर्ण वाळलेला हवा. ओला कापला तर टोक कुसपटते. तासलेल्या टोकाच्या मधोमध शाई उतरायला चीर द्यावी, पण ती फार लांब गेली की दाबाखाली तोंड फाकते आणि डाग पडतो. शाई घरची करायची तर काजळ आणि बाभळीचा डिंक वजनाने सारखे घेऊन थेंब-थेंब पाण्यात खलावे. जितके खलावे तितके कमीच. डिंक कमी पडला तर सुकलेले अक्षर बोटाला लागते. जास्त झाला तर आपल्याकडच्या पावसाळ्यात ते चिकट राहते आणि वहीची पाने एकमेकांना धरतात. नेहमीच्या झेरॉक्सच्या कागदावर ही शाई फुटते, कारण जुना कागद खळ लावून घोटलेला असे. थोडा जाड, गुळगुळीत कागद घेतला की भागते.

वाचताना खरी फसगत अक्षरांपेक्षा शब्द तोडण्यात होते. मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. शेतीच्या खंडाच्या कागदात ‘नदीलाभात’ अशी अक्षरे लागली तर ‘नदीला भात’ म्हणून पुढे जाऊ नये. कुळाने ‘न दिला भात’ अशी ती तक्रार असू शकते. आकड्यांतही तेच. ‘४।’ म्हणजे सव्वाचार, ‘४॥’ साडेचार, ‘४॥।’ पावणेपाच. नवखा माणूस पहिल्याला बिनदिक्कत एकेचाळीस वाचतो आणि हिशेब दहापट फुगतो.

तारखेपुढे ‘छ’ आला की ती चांद्र तारीख, पुढे मुसलमानी महिना येणार. याच कागदांत येणारा शुहूर सन अरबी शब्दांत आणि एककापासून लिहितात: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७२. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून इसवी सन काढायला तेव्हापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवावे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. इथे ते १७७१-७२ येते. ‘सबा’ सात आणि ‘सबैन’ सत्तर, ही जोडी घाईत हमखास चुकते.

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या गोव्यातल्या नव्या काबिजादी, म्हणजे नंतर जिंकलेले तालुके, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेल्या. तिथला देवस्थानांचा आणि वतनांचा बराच व्यवहार मोडीत झालेला आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज दप्तरांच्या जोडीला मोडी कागद आहेत, आणि इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी दोन्ही बाजूंचे कागद समोर ठेवून पोर्तुगीज-मराठे संबंधांवर काम केले. मात्र गोव्यातला प्रत्येक जुना कागद मोडी नसतो. सलग शिरोरेघ नाही आणि अक्षरे कानडीसारखी गोलसर दिसतात, तर ती गोव्यातली जुनी कंदवी लिपी असू शकते. तिथे मोडीचा तक्ता घेऊन डोके फोडण्यात अर्थ नाही.

गावच्या वाचनालयात किंवा देवळाच्या अग्रशाळेत अशी बैठक भरवणाऱ्यांनी एक नियम कडक पाळावा: शाईच्या मेजावर मूळ कागद आणायचा नाही. सर्वांना एकाच पानाची दीडपट मोठी छायाप्रत द्यावी. दोघांच्या जोडीत एकाने वाचावे, दुसऱ्याने देवनागरीत उतरवावे, आणि जे अक्षर लागत नाही तिथे टिंब द्यावे. अंदाजाने भरलेला शब्द पुढच्या वाचकाला आणखी खोल खड्ड्यात घालतो. दहा-बाराहून जास्त माणसे एका मेजाभोवती नकोत.

गणेशचवथीच्या साफसफाईत अशा कागदांचा सर्वांत जास्त नाश होतो, म्हणून हे आताच लिहीत आहोत. फाटलेल्या घडीला सेलोटेप लावू नये. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन करू नये, इस्त्री फिरवू नये, पुसट अक्षरांवरून पेन तर मुळीच फिरवू नये. काजळाची शाई कागद खात नाही. पोर्तुगीज कागदांवरची लोहाची शाई खाते, आणि दमट हवेत जास्तच; त्यांची घडी पुन्हापुन्हा उलगडली की ओळच्या ओळ गळून पडते. फोटो फ्लॅशशिवाय, खिडकीतल्या बाजूच्या उजेडात, फोन कागदाला समांतर धरून काढावा. आणि मागची बाजू कोरी वाटली तरी तिचाही काढावा, कारण शेरा किंवा शिक्का पुष्कळदा तिथेच सापडतो.

आपले,
मोडी लेखन-वाचनाचा सराव करणारे काही सुलेखनप्रेमी,
फोंडा