काट्यावरचे साडेतीन किलो

दादर,
रविवार

प्रिय वैशाली,

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला. फोनवर बोलले तर निम्मं राहून जाईल, म्हणून सविस्तर लिहितेय. चिंतेवरची गोळी सुरू होऊन चार महिने झाले, वजन साडेतीन किलोंनी वाढलं, आणि त्या धास्तीने गेले पंधरा दिवस तू गोळी एक दिवसाआड घेतेयस. डॉक्टरांना मात्र यातलं काही माहीत नाही. वजनाकडे येतेच, पण आधी हे एक दिवसाआडचं प्रकरण.

तुझ्या गोळीतलं मुख्य औषध, एस्सिटालोप्रॅम, रक्तात निम्मं व्हायला साधारण ३० तास लागतात. रोज ठरल्या वेळी घेतलं की त्याची पातळी बरीचशी सपाट राहते. ४८ तासांनी घेतलं की दरवेळी ती एक तृतीयांशापर्यंत उतरते आणि मग पुन्हा चढते. मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं होणं, गरगरणं, कारण नसताना रडू येणं, चिडचिड, हे सगळं या चढउतारातून होऊ शकतं. ‘आजार परत आलाय बहुतेक’ असं तू लिहिलंयस. मला तर ती चुकवलेली गोळीच बोलतेय असं वाटतं.

त्यातून तू पाठवलेला स्ट्रिपचा फोटो मोठा करून पाहिला. ती एका औषधाची गोळी नाही. एस्सिटालोप्रॅम १० मि.ग्रॅ. आणि क्लोनाझेपाम ०.५ मि.ग्रॅ. अशी जोडगोळी आहे. आपल्याकडे अशा जोडगोळ्या सर्रास दिल्या जातात आणि घेणाऱ्याला पत्ताच नसतो. म्हणजे एक दिवसाआड तू क्लोनाझेपामही, म्हणजे घबराट शमवणारं, सवय लागणारं औषधही, तोडतेयस. चार महिने रोज घेतलेलं क्लोनाझेपाम असं मधेच तोडलं की झोप उडते, हात थरथरतात, धडधड पहिल्यापेक्षा वाढते; क्वचित फिटही येऊ शकते. ते बंद करायचंच असेल तर डॉक्टरांनी पायरीपायरीने उतरवायचं असतं. उद्या सकाळीच त्यांना फोन कर, पंधरा दिवसांत काय केलंस ते जसंच्या तसं सांग, आणि रोजची गोळी कशी सुरू करायची ते विचार. ते रागावतील म्हणून लपवू नकोस. हे त्यांना रोज ऐकावं लागतं.

आता वजन. तुझेच आकडे समोर मांडते. मागच्या दिवाळीत तू ६१ किलो होतीस. पावसाळ्यात घास उतरेना, झोप लागेना, तेव्हा ५६ वर आलीस आणि त्याच आठवड्यात गोळी सुरू झाली. आज ५९.५. तू ५६ पासून मोजतेयस, म्हणून साडेतीन किलो दिसतात. पण ५६ हे चिंतेने ओढून नेलेलं वजन होतं. यातला बराचसा भाग परतलेल्या भुकेचा आहे.

औषधाचा वाटा शून्य आहे, असं मात्र म्हणणार नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात १,८३,११८ जणांची वजनं तपासली होती. सर्ट्रालिन, म्हणजे त्याच जातीचं दुसरं औषध, घेणाऱ्यांपेक्षा एस्सिटालोप्रॅम घेणाऱ्यांचं वजन सहा महिन्यांत सरासरी ०.४१ किलोने जास्त वाढलं. म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. सरासरीत कमी-जास्त असतंच. काहींचं पाच टक्क्यांवर जातं. मर्टाझापिन, पॅरोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन आणि झोपेसाठी जोडलेलं क्वेटियापिन, ही वजनाच्या बाबतीत जास्त जपून पाहायची नावं.

आणि मायग्रेनसाठी तू रात्री जी गोळी घेतेस, तिचं नाव नीट वाच. ती फ्लुनारिझिन असेल तर भूक आणि वजन दोन्ही वाढवणारी म्हणून ती ओळखली जाते, सुस्तीही आणते. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, आणि एकाला दुसऱ्याची खबर नाही, असं फार वेळा होतं. दोन्ही स्ट्रिपा एकाच पाकिटात घालून ने.

रोज काट्यावर उभी राहू नकोस. पाळीच्या आधी, लोणचं-पापड जास्त झालं की, पोट साफ नसलं की एक-दीड किलो नुसतं पाण्याचंच इकडेतिकडे होतं. रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, फरशीवर ठेवून. आकडा लिहून ठेव, शेजारी पाळीची तारीख लिही. शिंप्याची टेप घेऊन कंबर मोज, श्वास सोडून, टेप न आवळता. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही सावध व्हायची रेषा. तुझ्या बाबतीत ६१ च्या वर पाच टक्के, म्हणजे ६४ च्या आसपास गेलीस, किंवा लागोपाठ चार रविवार काटा वरच चढला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळव. टीएसएच (थायरॉइडची) आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची) या दोन तपासण्या मात्र आत्ताच करून घे. थायरॉइडनेही वजन वाढतं, थकवा येतो, आणि दोष गोळीच्या माथी जातो.

खाण्यात मला एकच मोठं खिंडार दिसतं. एकला डबा, आणि मुलुंडला पोचून जेवायला साडेनऊ. मधल्या साडेआठ तासांत जे होतं ते सीएसएमटीच्या बाहेर वडापावच्या गाडीवर होतं. साडेपाचला, ऑफिस सोडण्याआधी, मूठभर भाजलेले चणे किंवा एक उकडलेलं अंडं आणि एक फळ खा. रात्रीची भूक आपोआप निम्मी होईल. दुसरं, या गोळीने तोंड कोरडं पडतं, आणि तू ते चहाने ओलं करतेस. दिवसाला पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी. महिन्याला ६०००, कागदावर पाऊण किलो. चहा दोनच ठेव, बाकी वेळ पाण्याची बाटली आणि बडीशेप.

कडक उपास मुळीच नको. पोट रिकामं राहिलं की घाम आणि थरथर सुटते, आणि ती थेट पॅनिकसारखी वाटते. आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी वजन कमी करत नाही, हे तुला सांगायला नको. तुझ्या मैत्रिणीने सुचवलेली ती चरबी जाळणारी पावडरही नको. अशांत बहुधा भरपूर कॅफिन असतं, आणि काहींत भारतात २०११ साली बंदी घातलेलं सिबुट्रामिन हे भूक मारणारं औषध लपवलेलं सापडलंय. धडधड वाढवून घेशील. स्टेशन ते ऑफिस शेअर टॅक्सी सोडून चाल, जेवणानंतर सोसायटीच्या आवारात वीस मिनिटं. तेवढ्याने सुरुवात पुरे.

एवढं करूनही वजन चढत राहिलं, तर डॉक्टरांकडे मार्ग आहेत. डोस पाहता येतो, सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिनवर जाता येतं, जोडगोळीतलं क्लोनाझेपाम वेगळं काढून हळूहळू उतरवता येतं. औषध बदलताना काही आठवडे पुन्हा अस्वस्थ जातात, म्हणून ऑफिसच्या मार्चएंडिंगमध्ये नको. सोबत सीबीटी, म्हणजे बोलण्यातून विचारांच्या सवयी बदलायचे उपचार, सुरू केलेस तर पुढे गोळी उतरवणं सोपं जातं. साधारण आठवड्याला एक, बारा ते सोळा बैठका. खासगीत परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन या तिन्ही पालिका रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी आहे. रात्री फारच घाबरं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फिरव, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि मला उठवायला संकोच करू नकोस.

डॉक्टरांनी शनिवारची वेळ दिली तर मीही येते. साडेपाचला दादरला मधल्या पुलावर, मुलुंडच्या बाजूच्या जिन्यापाशी उभी राहीन. दोन्ही स्ट्रिपा आण.

तुझीच,
मेधा