श्रद्धेपुढे बुद्धी गहाण पडते का?

महोदय,

ख्रिस्ती माणूस बुद्धी गहाण टाकूनच श्रद्धा ठेवतो, असे इंदूरच्या मराठी मंडळींच्या गप्पांत सर्रास ऐकू येते. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक टॉमस अक्वायनस यांनी ईश्वराचे अस्तित्व तर्काने सिद्ध करता येते, त्रैक्याचे (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर) रहस्य मात्र केवळ प्रकटीकरणातूनच, म्हणजे ईश्वराने स्वतः उघड केल्यानेच, कळते, अशी स्पष्ट सीमारेषा आखली होती. शिवाय आधी विरोधी आक्षेप नोंदवायचे आणि मगच उत्तर द्यायचे, ही त्यांची शिस्त आपल्याकडील पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या परंपरेची आठवण करून देते. वाटाण्याच्या एका फुलातील पराग दुसऱ्या फुलावर हाताने नेऊन आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल ख्रिस्ती मठवासीच होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मतावरून चर्चने गॅलिलिओवर चालवलेला १६३३ चा खटला विसरावा, असे मी म्हणत नाही. पण ज्याच्यावर तो चालला, तो गॅलिलिओ स्वतः कॅथलिकच राहिला. आपल्यातलेच पंडित नीलकंठशास्त्री गोरे ख्रिस्ती मताचे खंडन करायला निघाले आणि दीर्घ वादविवादानंतर १८४८ मध्ये त्यांनी तेच स्वीकारले. त्यांचे निष्कर्ष कोणाला पटणार नाहीत (मलाही सारे पटत नाहीत), परंतु शास्त्रार्थात मुरलेल्या या माणसाने विचार न करता धर्म बदलला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

— एक वाचक, इंदूर