सेंट मेरी चर्चमधला तो व्यत्यय

नॉटिंगहॅम

ती. बाबांस साष्टांग नमस्कार,

वि. वि. भर प्रवचनात उठून धर्मोपदेशकाला अडवणाऱ्या माणसाचे कौतुक कशासाठी, असे आपण विचारलेत. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला त्याच वर्षी, १६४९ साली, जॉर्ज फॉक्स हा तरुण, पुढे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा संस्थापक ठरलेला, येथील सेंट मेरी चर्चमध्ये आला. धर्माविषयीच्या साऱ्या वादांची कसोटी बायबल हीच, असे उपदेशक सांगत असता फॉक्स मोठ्याने म्हणाला की कसोटी ग्रंथ नव्हे, तर ज्याच्या प्रेरणेने तो लिहिला गेला तो पवित्र आत्मा होय. त्याला तुरुंगात टाकले. पुढे शहराच्या शेरीफने त्याला आपल्या घरी नेले, आणि काही दिवसांतच हा शेरीफ स्वतः बाजारात उभा राहून उपदेश करू लागला. जवळच्या मॅन्सफील्ड वुडहाउसला मात्र चर्चमध्ये बोलल्याबद्दल लोकांनी फॉक्सला काठ्यांनी आणि हातातल्या बायबलांनी मारले. धर्मग्रंथाचेच हत्यार व्हावे, हे वाचून मन विषण्ण झाले.

उपासनेला आलेल्यांचा त्यात खोळंबा झाला, हे मलाही मान्य आहे. परंतु ज्या चर्चसाठी शेतकऱ्याला, त्याची श्रद्धा असो वा नसो, उत्पन्नाचा दहावा भाग द्यावा लागे, तिथे बोलण्याचा मान बहुधा विद्यापीठात शिकलेल्या उपदेशकालाच असे. ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिकल्याने कोणी धर्मसेवक होत नाही, ईश्वरी प्रकाश प्रत्येकात आहे, असे फॉक्स सांगे. आणि ‘प्रत्येकात’ म्हणताना त्याने बायकांना वगळले नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. त्याच्या पंथातल्या मार्गारेट फेल यांनी तर १६६६ मध्ये, तुरुंगात असताना, स्त्रियांच्या धर्मोपदेशाच्या हक्काचे समर्थन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली.

राजानंतर सत्तेवर आलेल्या क्रॉमवेलने १६५५ मध्ये अशा व्यत्ययांविरुद्ध जाहीरनामा काढला. राजसत्ता परतल्यावर, १६६४ च्या कायद्याने, घरच्यांखेरीज पाच माणसे अधिकृत चर्चहून वेगळ्या उपासनेसाठी जमली तरी तो गुन्हा ठरला. म्हणजे चर्चमध्ये बोलायचे नाही आणि घरी जमायचेही नाही. अखेर १६८९ च्या कायद्याने बहुतेक प्रॉटेस्टंट भिन्नमतवाद्यांना स्वतंत्र सभा भरवण्याची मुभा मिळाली. त्याच कायद्याने चर्चमधल्या उपासनेइतकाच या सभांमध्येही व्यत्यय आणणे दंडनीय ठरवले. दशांश मात्र त्यांना पुढेही भरावाच लागला.

आईस नमस्कार. आपले मत अवश्य कळवावे.

आपली लेक