अंतराळ परिषदेत तांडेलालाही बोलवा

इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉटिकल काँग्रेस ही जागतिक अंतराळ परिषद १९५० पासून भरते. भारतात ती १९८८ मध्ये बंगळुरूला आणि २००७ मध्ये हैदराबादला झाली. चंद्रमोहिमांची चर्चा तिथे व्हायलाच हवी. पण हर्णे बंदरातला तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख, डिझेल भरण्याआधी ‘इन्कॉइस’ या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा मासळीचा अंदाज मोबाइलवर बघतो. उपग्रहाने टिपलेलं समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून हा अंदाज काढतात. आभाळ भरलं की उपग्रहाला पाणी दिसत नाही आणि अंदाज अडतो. खोल समुद्रात तर मोबाइलची रेंजही जाते, मग वादळाचा इशारा पोचणार कसा? हे प्रश्न उपग्रह बनवणाऱ्यांसमोर तांडेलानेच मांडायला हवेत. भारतात पुन्हा परिषद भरेल तेव्हा कोकणातल्या तांडेलांना व्यासपीठावर जागा द्यावी.

– एक वाचक, दापोली